कानांतील नाद आणि त्याची मुदत

मळणीचा हंगाम ओसरूं लागला कीं गांवोगांवच्या ओट्यांवर एक तक्रार हटकून ऐकूं येते. दिवसभर यंत्राशेजारीं उभें राहून आलेल्या मनुष्यास रात्रीं निजानीज झाल्यावर कानांत रातकिडे ओरडल्यासारखें वाटतें. कोणास शिट्टी ऐकूं येते, कोणास भुंग्याची गुणगुण. बाहेर तसा आवाज कोठेंच नसतो. "वयोमानाप्रमाणें होतें" असें म्हणून हा विषय बहुधा तेथेंच संपतो. तो कोठें संपूं द्यावा व कोठें देऊं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विकार नवा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे 28 रोग गणले असून त्यांत प्रणाद, म्हणजेच कर्णनाद, आणि क्ष्वेड हे निरनिराळे सांगितले आहेत. आधुनिक वैद्यक कर्णनादास स्वतंत्र रोग न मानतां लक्षण मानतें. कानाच्या अंतर्भागीं गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तींत सुमारें 15 हजार सूक्ष्म केशयुक्त पेशी असून त्या आवाजाच्या कंपनांचे संदेश मेंदूकडे धाडतात. मोठ्या आवाजानें, वार्धक्यानें किंवा कांहीं औषधांनीं या पेशी मेल्या म्हणजे संदेश तुटपुंजे होतात. मग दूरचें केंद्र लागावें म्हणून रेडिओचा आवाज वाढविला असतां जशी खरखरही वाढते, तसें मेंदूचें होतें, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. कोंबडीच्या कानांतील अशा मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात, हें 1988 सालीं दिसून आलें. मनुष्याच्या कानांत मात्र त्या उगवत नाहींत. एकदां गेलेलें पीक तें गेलेंच.

म्हणून पहिला विचार बचावाचा. 85 डेसिबेलचा आवाज दिवसाकांठीं 8 तासांपर्यंत सोसावा, व पुढें दर 3 डेसिबेलांस वेळ निम्मी करावी, असा एक प्रमाण मानलेला हिशेब आहे. म्हणजे 88 डेसिबेलांस 4 तास आणि 91 डेसिबेलांस 2 तास. बंद कक्ष नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशीं पुष्कळदां 90 हून अधिक डेसिबेल भरतात. मोजण्याचें साधन नसल्यास, हातभर अंतरावरील मनुष्याशीं ओरडून बोलावें लागतें, एवढी खूण पुरे. अशा ठिकाणीं फोमचीं कानबोळीं वापरावींत. बोळा बोटांनीं वळून बारीक करावा, कान वर व मागें ओढून तो आंत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. साध्या कापसानें म्हणण्यासारखें रक्षण होत नाहीं.

मोठ्या आवाजानंतर आलेला नाद एक-दोन दिवसांत शमला, तर तो इशारा समजून पुढें जपावें. परंतु तो आठवडाभर टिकला, एकाच कानांत राहिला, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडूं लागला, किंवा कानांतून पू वा रक्त येऊं लागलें, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. नाडीबरोबर चालणारा नाद रक्तदाब, पंडुरोग किंवा रक्तवाहिन्यांचे दोष यांमुळेंही असूं शकतो. क्विनीन, अधिक मात्रेंतील ॲस्पिरिन, तसेंच क्षयावर देतात त्या स्ट्रेप्टोमायसिनसारखीं इंजेक्शनें यांनींही कर्णनाद होतो. तथापि औषध आपल्या मनानें बंद न करितां, देणाऱ्या डॉक्टरांस सत्वर कळवावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सकाळीं उठावें तों एक कान बंद झालेला, त्यांत मोठा नाद, क्वचित् भोंवळ, असा प्रकार एकाएकीं घडतो. मनुष्य सर्दी किंवा मळ समजून तेल घालतो आणि "सुगी आटोपली कीं पाहूं" म्हणतो. हा विलंबच घात करितो. श्रवणाच्या मज्जातंतूस किंवा अंतःकर्णास इजा होऊन आलेल्या अशा बहिरेपणावर स्टेरॉइड औषधांचा उपयोग होण्याची आशा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत अधिक असते, व दिवस जातील तशी ती घटते. महसुली अपिलासही मुदत असते. परंतु तेथें सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होण्याची सोय कायद्यांत आहे. कानाच्या दरबारीं तशी सोय नाहीं, आणि सुगीचें कारण तेथें ऐकलें जात नाहीं.

येथें एक घरगुती खूण सांगतों. तोंड मिटून "हूं" असा स्वर लांबवावा. तो बंद कानांत मोठा वाटल्यास मळ किंवा सर्दी असण्याचा संभव अधिक. चांगल्या कानाकडे वाटल्यास आंतील इजेचा संशय घ्यावा. पण ही तपासणी नव्हे. खूण कांहींही सांगो, एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर त्याच दिवशीं निघावें. नादाबरोबर तोंड वांकडें होणें, बोलणें अडखळणें, हातपाय लुळे पडणें अथवा डोक्यास मार लागलेला असणें, यांपैकीं कांहीं असल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

कानांत काडी, किल्ली वा पीन घालूं नये. रस्त्यावरील कान कोरणाराकडूनही कान साफ करवूं नये. मळ आंत लोटला जातो व पडद्यास इजा होते. कडधान्याचा दाणा गेला असल्यास पाणी घालूं नये, तो भिजून फुगतो.

तपासणींत भयंकर कांहीं निघालें नाहीं, तरी नाद राहूं शकतो. त्यास हमखास बरें करणारें औषध अद्याप नाहीं. तशी जाहिरात करणारांपासून सावध असावें. बहिरेपण असल्यास श्रवणयंत्रानें नादही पुष्कळदां सुसह्य होतो. रात्रीं पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवल्यानें तो मागें पडतो. झोंप उडून जिवाचा कंटाळा येऊं लागला, तर तेंही डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. त्यांत लाज नाहीं. जिल्हा रुग्णालयांत या तपासणीची विचारणा करावी. मुंबईस वांद्रें येथें 1983 सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठीं आहे.

शेताच्या बांधावर शेजाऱ्याचा नांगर हातभर सरकला तर आपण त्याच दिवशीं तलाठ्याकडे धांव घेतों. कानांतील जमीन त्याहून थोडी आहे, आणि तिची मोजणी पुन्हा होत नाहीं.