चौकटीबाहेरचं कोकण

कॅमेरा घेऊन एकट्यानं कोकणात हिंडण्याचा मोठा फायदा म्हणजे घाई करणारं कुणी नसतं. जंगल काय किंवा खडकाळ किनारा काय, दोघंही छायाचित्रकाराकडे एकच गोष्ट मागतात : वेळ. बरोबर चार माणसं असली की चहाची आणि मुक्कामाची वेळ आधी येते. एकटा माणूस एका झाडापाशी तासभर थांबू शकतो.

देवराईत तसं थांबावंच लागतं. बाहेर लख्ख ऊन असलं की आत कवडसे पडतात; छायाचित्रात कवडसा पांढराफटक येतो आणि बाकी सारं काळं. त्यासाठी मळभाचा दिवस धरावा, तिपाई रोवावी आणि अंधाराला डोळे सरावू द्यावेत. मग किंजळ, बेहडा, सातवीण आणि त्यांना विळखा घालून वर गेलेली गारंबी हळूहळू वेगवेगळी दिसू लागतात.

किनाऱ्याचं गणित निराळं. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे. खडकातल्या अरुंद चिरेत भरतीची लाट घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. तिथं कधी जायचं, हे पंचांग सांगतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा कोकणातला जुना ठोकताळा. पौर्णिमेला सव्वाअकरा : उधाण मोठं, पण ऊन डोक्यावर. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा : उजेड कोवळा, पण भरती भांगाची, बेताची. मोठी लाट आणि चांगला उजेड सहसा एका दिवशी भेटत नाहीत. पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते, तेव्हा उघडे पडलेले खडक टिपावेत. घळीच्या ओल्या काठावर मात्र एकट्यानं जाऊ नये.

एकट्याच्या या छायाचित्रणात एक गोम आहे. चौकटीत माणूस येत नाही, आणि हळूहळू तो येऊ नये असंच वाटू लागतं. जाळी विणणारा हात, वाळत घातलेली मासळी, देवराईतलं देवळाचं कौलारू छप्पर आपण शिताफीनं वगळतो. चित्र देखणं होतं. पण ते खरं असतं का?

कार्लटन वॉटकिन्सनं 1861 साली अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याची छायाचित्रं मोठाल्या काचांवर घेतली. 1864 साली लिंकननं ते खोरं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, त्यात या छायाचित्रांचाही वाटा मानला जातो. छायाचित्रानं रान वाचतं, ते असं. पण तिथल्या मूळ रहिवाशांना 1851 सालीच बंदुकीच्या धाकानं हुसकावलं होतं. पाहणाऱ्याला वाटलं, खोरं मुळातच निर्मनुष्य.

आपल्याकडे याच नजरेनं सड्यांचं नुकसान केलं आहे. बँकेत असताना शेतीकर्जाच्या कागदांत सातबाऱ्यावर 'पोटखराब' हा शब्द कितीदा तरी वाचला. लागवडीला निरुपयोगी, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावरचा शब्द डोळ्यांतही शिरतो आणि जांभ्याचा कातळ निव्वळ ओसाड दिसू लागतो. त्याच कातळावर पावसाळ्यात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे फुलतात, गुरं चरतात. तिथंच प्राचीन माणसानं हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या जागेवर उद्या खाण आली किंवा कारखाना आला, तर 'इथं काहीच नव्हतं' म्हणणाऱ्याला आपलं रिकामं छायाचित्र पुरावा म्हणून पुरेल.

देवराईही आपोआप उरलेली नाही. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाळला, म्हणून ती उरली. अलीकडे काही ठिकाणी जीर्णोद्धाराच्या सिमेंटसाठी त्याच गावानं झाडं तोडली, हेही खरंच. राखणारी माणसं आणि तोडणारी माणसं, दोन्ही वगळून देवराईचं चित्र पुरं होत नाही.

म्हणून जावं एकट्यानंच. पण चौकटीत पायवाट येऊ द्यावी, होडी येऊ द्यावी. आणि कुणाचं छायाचित्र घ्यायचं असेल, तर कॅमेरा खाली ठेवून आधी दोन शब्द बोलावेत. एकट्या माणसाला तेवढी सवड असतेच.