अंगठा म्हणजे संमती नव्हे

हिंगोलीत, औंढ्यात किंवा सेनगावात दिव्यांग खातेदाराची जमीन फसवून लिहून घेतल्याची तक्रार कुटुंबाने केली, तर ‘खरेदीखत नोंदणीकृत आहे’ एवढ्यावर ती झटकता येत नाही. दुय्यम निबंधक पाहतो तो सही-अंगठा आणि दस्त करून दिल्याची कबुली. त्यामागे दबाव होता का, हे त्याच्या टेबलावर क्वचितच उघड होते. 1872चा करार कायदा म्हणूनच नोंदणीपलीकडे जातो. वरचढ माणसाने दुबळ्याशी उघड अन्यायकारक व्यवहार केल्याचे दिसले, तर दबाव नव्हता हे त्या वरचढानेच सिद्ध करायचे असते.

मग दिव्यांगांकडून जमीन घ्यायला कोण धजेल? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यांचे व्यवहारच रोखणे हा दुसरा अन्याय ठरेल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना मालमत्तेचा समान हक्क दिला आहे. मात्र व्यवहारात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याने मदतनीस होऊ नये, असेही तोच कायदा बजावतो. प्रामाणिक खरेदीदाराला हे जड नाही: मोबदला थेट विकणाऱ्याच्या खात्यात, दस्त समजावणारा माणूस त्रयस्थ. कुटुंबाने मात्र फेरफाराची नोटीस येताच पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. त्याने फक्त नोंद वादग्रस्त ठरते. खत रद्द करायला दिवाणी न्यायालयच गाठावे लागते.