गट ऑफिसपर्यंत बिनतारी जोडणी



गट ऑफिसला इंटरनेट द्या, म्हणजे ऊसनोंद अन् वजनाचा हिशेब तिथंच कळेल, कारखान्याला हेलपाटा नको, ही तुमची मागणी रास्त आहे. वारणेला १९९८ साली सुमारे ७० गावांत याच कामासाठी संगणक केंद्रे निघाली होती. अडचण आहे ती तारेची. संगणक जोडणारी साधी इथरनेटची तार १०० मीटरपर्यंतच नीट चालते. फायबर टाकायची म्हटली तर रस्ता उकरा, ओढा ओलांडा, अन् कुणाच्या खोदाईत तुटली की शोधत बसा.

डहाणू-तलासरीकडे तर पाडे टेकड्यांआड विखुरलेले. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत, पुढं काय? आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील २५ गावांत यावर काम केले. एका मनोऱ्यावर ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ, पलीकडच्या गावात तसाच दुसरा, अगदी समोरासमोर. दोन्ही टोकांना इथरनेटची तार, मधली वाट हवेतून. ठरावीक शक्तीपर्यंत या लहरींना परवाना लागत नाही. खामलोली परिसरात त्यांनी टीव्हीच्या मोकळ्या लहरीही वापरून पाहिल्या. त्या झाडीतून बऱ्या जातात, पण परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत या कामाला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले.

आता आपल्याकडचं बघू. ५.८ ची लहर झाड, टेकडी, भिंत यांपुढे हात टेकते. समोरचा मनोरा नुसता दिसला म्हणून भागत नाही. अंतर पाच किलोमीटर असेल तर मध्यावर त्या सरळ रेषेखाली पंधरा-सोळा फूट तरी मोकळं लागतं. उसाचं भय नाही, तो बारा-चौदा फुटांवर थांबतो. नडतात ती बांधावरची आंबा-चिंचेची झाडं! उन्हाळ्यात विरळ झाडीतून जुळलेला दुवा श्रावणात पालवीने अडतो, म्हणून पाहणी भर पावसाळ्यात व्हावी असे आमचे मत आहे. मनोऱ्याला वीजरोधक अन् चांगले अर्थिंग हवेच. रेडिओला वीज थोडी लागते, पण भारनियमनात बॅटरी नसेल तर ऐन हंगामात काटा चालू अन् गट ऑफिस बंद, अशी गत व्हायची.

ज्यांच्या घराची गच्ची उंच असून तिथून कारखान्याची चिमणी स्वच्छ दिसते, त्यांनी आपले नाव शेती विभागात नोंदवावे.