वनातील चाकोरी आणि नकाशावरील रेघ

अमेरिकेतील राष्ट्रीय वनांमध्ये जीप, मोटारसायकल किंवा ‘एटीव्ही’ या नावाने ओळखली जाणारी लहान चारचाकी घेऊन भटकणे हा तेथील लक्षावधी नागरिकांचा सुटीतील आवडता छंद आहे. डांबरी रस्ता मागे टाकून खडक, ओढे आणि चिखल यांतून वाहन नेण्याच्या या प्रकाराला ‘ऑफ-रोड ड्रायव्हिंग’ म्हटले जाते. नावात रस्त्याबाहेर जाण्याचा उल्लेख असला, तरी राष्ट्रीय वनात वाहनाने ठरवून दिलेली वाट सोडणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा ठरतो. चाकोरी सोडणाऱ्याचे मराठीत कौतुक होते. या वनांत मात्र त्याला दंड होतो. हा निर्बंध २००५ च्या एका नियमाने देशभर लागू झाला. त्यामागे बरीचशी कारणे माती आणि पाणी यांच्याशी निगडित आहेत.

भारतीय वाचकाला प्रथम प्रश्न पडेल तो असा, की सरकारी जंगलात हौसेखातर मोटार नेण्यास परवानगी मिळतेच कशी? आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश हाच गुन्हा आहे. अमेरिकेची धारणा वेगळी आहे. तेथील ‘राष्ट्रीय उद्याने’ गृह खात्याच्या अखत्यारीत येतात आणि संरक्षण हा त्यांचा मुख्य हेतू असतो. (अमेरिकेचे ‘गृह खाते’ पोलिसांचे नव्हे, तर सरकारी जमिनी व नैसर्गिक साधनसंपत्तीचे काम पाहते.) ‘राष्ट्रीय वने’ मात्र कृषी खात्याच्या वन सेवेकडे आहेत. लाकूड, चराई, पाणी, वन्यजीव आणि लोकांचे मनोरंजन या सर्वांसाठी त्यांचा उपयोग व्हावा, असे १९६० च्या कायद्याने स्पष्ट केले. या वनांचे एकूण क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पट आहे. १९६४ च्या कायद्याने ‘निबिड वन’ म्हणून राखलेल्या भागांत मोटारींना मज्जाव आहे. त्याबाहेरील मोठ्या क्षेत्रात वाहने जाऊ शकतात.

ती जाऊ लागली याचे एक कारण लाकूडतोड. ओंडके वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकात वनांमध्ये कच्च्या रस्त्यांचे प्रचंड जाळे विणले गेले. वन सेवेच्या ताब्यातील रस्त्यांची लांबी साडेतीन लाख मैलांहून अधिक भरते. दुसरे कारण म्हणजे महायुद्ध. युद्धासाठी बनविलेल्या जीप गाड्या युद्धानंतर सामान्य माणसाच्या हाती आल्या, आणि जेथे बैलगाडीही कष्टाने जाईल तेथे चारही चाकांना शक्ती देणारे हे वाहन जाते, हे लोकांच्या ध्यानात आले. पुढे डर्ट बाइक आणि एटीव्ही आल्यावर ही संख्या झपाट्याने वाढली. वन सेवेच्याच आकडेवारीनुसार देशात अशी वाहने चालविणाऱ्यांची संख्या १९७२ मध्ये सुमारे ५० लाख होती. २००० पर्यंत ती ३ कोटी ६० लाखांवर गेली.

चाकाखाली काय घडते?

निरोगी वनमातीचा जवळपास निम्मा भाग पोकळ असतो. या सूक्ष्म पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचे पाणी खाली झिरपते. वाहनाचे वजन पडताच त्या दबतात. त्यातही लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की बहुतांश नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जाते. शंभरावी गाडी त्यात फारशी भर घालत नाही. त्यामुळे एकाच वाटेवरून शंभर गाड्या गेल्या तर एक पट्टी घट्ट होते. त्याच शंभर गाड्या आपापली वाट शोधत गेल्या, तर अख्खा उतार निकामी होतो. वाहने ठरावीक वाटांवर एकवटण्याचे मुख्य शास्त्रीय कारण हेच आहे.

घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीतून वाहू लागते. पावसाळ्यात पाणंद रस्त्याचा ओढा होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. डोंगरउतारावर अशी चाकोरी दरवर्षी खोल होत जाते आणि वाहून आलेला गाळ खालच्या नदीत पोहोचतो. ट्राउट आणि सामन जातींचे मासे नदीतळाच्या गोट्यांमध्ये अंडी घालतात. बारीक गाळ त्या फटी बुजवतो आणि अंड्यांना प्राणवायू मिळेनासा होतो.

उंचावरील ओलसर कुरणांचे दुखणे याहून नाजूक आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात वितळलेल्या बर्फाचे पाणी ही कुरणे स्पंजाप्रमाणे धरून ठेवतात व उन्हाळाभर हळूहळू सोडतात. त्यात चाकांचे खोल चर पडले की साठलेले पाणी त्या चरांतून निघून जाते, भूजलाची पातळी उतरते आणि ओलीवर जगणाऱ्या गवताची जागा कोरड्या जमिनीतील वनस्पती घेतात. एका दुपारच्या मौजेचे असे चर कित्येक वर्षे टिकतात.

गंमत अशी, की पुष्कळदा सावध माणूसच वाट बिघडवतो. वाटेत चिखलाचे डबके लागते. गाडी रुतू नये म्हणून चालक ती बाजूने काढतो. दुसरा त्याच्याही बाहेरून जातो. काही आठवड्यांत आठ फुटांची वाट तीस फूट रुंद होते. म्हणून जाणकार चालक डबक्यातून सरळ जातात किंवा माघारी फिरतात. ओढा काटकोनात ओलांडावा, टायरमधील हवा कमी करून जमिनीवरील पकड वाढवावी, लो गिअरमध्ये चालण्याच्या गतीने पुढे सरकावे, विंचची तार थेट झाडाला न बांधता खोडाभोवती रुंद पट्टा घ्यावा, ही त्यांची रीत असते. जागच्या जागी गरगर फिरणारे चाक माती उकरते, हळू फिरणारे चाक ती धरून ठेवते. येथे चांगले वाहन चालविणे आणि वनाची काळजी घेणे या दोन निराळ्या गोष्टी उरत नाहीत. उन्हाळ्यात आगीचेही भय असते. सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू नये यासाठी जाळी बसविणे आवश्यक असते, आणि गरम एक्झॉस्टखाली वाळलेले गवत आले तर तेवढेही पुरत नाही.

‘बंद नाही ते खुले’ ते ‘खुले नाही ते बंद’

शासनाला याची जाणीव फार पूर्वी झाली होती. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये आदेश काढून, माती, पाणी आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी होईल अशा रीतीने सार्वजनिक जमिनींवरील वाहनांच्या वाटा ठरवाव्यात, असे सांगितले. जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये गंभीर हानी दिसताच वाट तत्काळ बंद करण्याचा अधिकार दिला. तरीही अनेक वनांत ‘बंदीची पाटी नसेल तेथे जाता येते’ हीच प्रथा चालू राहिली. परिणामी लोकांनी आपल्या चाकांनीच नव्या वाटा पाडल्या. मोंटाना राज्यातील ल्युइस अँड क्लार्क या एकाच वनात अशा एक हजारांहून अधिक अनधिकृत वाटा आढळल्या; त्यांची लांबी सुमारे ६५० मैल होती.

वन सेवेचे तत्कालीन प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी २००३ मध्ये राष्ट्रीय वनांपुढील चार मोठे धोके सांगितले. त्यांत वणवे, आक्रमक परकीय प्रजाती आणि मोकळ्या जमिनींचा ऱ्हास यांच्या जोडीला अनियंत्रित मनोरंजनाचा समावेश होता. त्यानंतर मांडलेल्या नियमाच्या मसुद्यावर ऐंशी हजारांहून अधिक अभिप्राय आले, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ‘प्रवास व्यवस्थापन नियम’ प्रसिद्ध झाला. प्रत्येक वनाने कोणते रस्ते व वाटा, कोणत्या वाहनांना, वर्षाच्या कोणत्या काळात खुल्या आहेत हे ठरवून नकाशा छापावा. नकाशावर नसलेली प्रत्येक वाट बंद समजावी, असे त्याचे सार आहे. बर्फावरून चालणाऱ्या वाहनांसाठी अशीच तरतूद २०१५ मध्ये झाली.

हा नकाशा विनामूल्य मिळतो. तो सहसा काळ्या-पांढऱ्या रंगात असतो, त्यावर डोंगरांच्या उंचीच्या रेषा नसतात आणि नवख्याला तो वाचणे जड जाते. पण कायद्याच्या दृष्टीने अंतिम शब्द त्याचाच. वाटेवर फाटक नव्हते, फलक नव्हता, हा बचाव चालत नाही. उल्लंघनास पाच हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काही वनांत तंबू ठोकण्यासाठी किंवा शिकार उचलून आणण्यासाठी वाटेपासून ठरावीक अंतर बाहेर जाण्याची सवलत आहे, तीही नकाशातच नमूद असते.

कोणती वाट कोणत्या वाहनाला, हा भेदही काटेकोर आहे. काही रस्ते फक्त महामार्गास पात्र गाड्यांसाठी, काही वाटा सर्व वाहनांसाठी, काही ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी, तर काही केवळ मोटारसायकलींसाठी असतात. येथे एक भारतीय धागा सापडतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू करणाऱ्या महिंद्र समूहाने २०१८ मध्ये त्याच जुन्या जीपच्या घडणीवर आधारित ‘रॉक्सर’ हे वाहन अमेरिकेत आणले. ते रस्त्यावरील मोटार म्हणून नव्हे, तर केवळ ऑफ-रोड वापराचे वाहन म्हणून विकले गेले. साहजिकच महामार्गास पात्र गाड्यांपुरत्या राखीव रस्त्यांवर ते चालत नव्हते, आणि ५० इंचांच्या वाटेत मावतही नव्हते.

रूबिकॉनचा अनुभव

वाहनचालकांची तक्रारही समजून घ्यायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या वापरातील वाट एका छापील कागदाने बंद होते. ज्यांना वयामुळे किंवा अपंगत्वामुळे पायी चालणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वनाचा तो भागच मिटतो. उलट पायी फिरणारे म्हणतात, की एका इंजिनाचा आवाज दरीतील सर्वांची शांतता हिरावून घेतो. दोघेही त्या जमिनीचे सारखेच मालक आहेत.

कॅलिफोर्नियातील रूबिकॉन ट्रेलवर हा वाद कसोटीला लागला. जॉर्जटाउनपासून टाहो सरोवराच्या दिशेने जाणारी ही खडकाळ वाट एल्डोरॅडो राष्ट्रीय वनातून जाते. १९५३ मध्ये ५५ जीप गाड्यांनी येथून सामूहिक प्रवास केला आणि तेव्हापासून जीपचालकांसाठी तिला तीर्थक्षेत्राचे स्थान आहे. जीप कंपनीने आपल्या एका गाडीला तिचे नावही दिले. गर्दीबरोबर मात्र गळलेले तेल, ओढ्यांत जाणारा गाळ आणि उघड्यावरील मानवी विष्ठा यांच्या तक्रारी वाढल्या. २००९ मध्ये राज्याच्या जलगुणवत्ता मंडळाने सफाईचा आदेश बजावला. वाट बंद होणार, अशी भीती तेव्हा व्यक्त झाली.

प्रत्यक्षात ती बंद झाली नाही. एल्डोरॅडो काउंटीने पाण्याचा निचरा सुधारला, ओढ्यावर पूल बांधले. चालकांच्या स्वयंसेवी गटांनी दगड वाहिले, शौचालयांची व्यवस्था सांभाळली, आणि गाडीत तेल टिपण्याचे साहित्य व विष्ठा परत नेण्याच्या पिशव्या ठेवण्याचा आग्रह धरला. २०१२ मध्ये वन सेवेने काउंटीला या वाटेचा रीतसर वहिवाट-हक्क दिला.

त्याच वनातील ओलसर कुरणांतून जाणाऱ्या ४२ वाटांच्या वाट्याला वेगळा प्रवास आला. त्या नकाशावर खुल्या दाखविताना वन सेवेने कुरणांविषयीच्या स्वतःच्याच निकषांचे पालन केले नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि २०१२ मध्ये त्या वाहनांना बंद झाल्या. पुढील वर्षी फेरतपासणीनंतर काही वाटा पुन्हा खुल्या करण्याचे, तर उरलेल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह पूर्ववत होईपर्यंत बंद ठेवण्याचे ठरले.