तीन नको, आठ नको!

मुलांनो, तुमच्या वर्गात डबा खाताना ‘मला नको, मला हे चालत नाही’ असं म्हणणारं कुणी आहे का? आमच्या घरात अशी दोन मंडळी आहेत. थोरला नऊ वर्षांचा. त्याला काजू आणि पिस्ता चालत नाही. धाकटी पाच वर्षांची, तिला अंडं चालत नाही. ‘चालत नाही’ म्हणजे आवडत नाही असं नव्हे हं. कारली आवडत नाहीत ती गोष्ट वेगळी.

त्याचं असं असतं. आपल्या शरीराच्या दारावर राखणदार असतात. रोगजंतू आले की ते त्यांना हुसकून लावतात. पण काहींच्या राखणदारांची एक चूक होते. घरी आलेला साधा पाहुणाच त्यांना चोर वाटतो आणि मग ते असा काही आरडाओरडा करतात, की घरातल्याच माणसांना धाप लागते! याला ॲलर्जी म्हणतात. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञांनी हा शब्द तयार केला.

आमच्या थोरल्याची ही गोष्ट आम्हांला कळली ती त्याच्या आजोबांकडे, वेंगुर्ल्याला. आजोबांच्या बागेत काजूची झाडं आहेत. पोरगा तीन वर्षांचा होता. मार्च महिना, ओल्या काजूगरांची उसळ केलेली. आजोबांनी आपल्या हाताने त्याला दोन घास भरवले. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. गावातले डॉक्टर घरी होते म्हणून बरं! त्यांनी लगेच ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. पोरगा तासाभरात खेळायला लागला. आजोबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

तर अशी ही दोन मुलं घेऊन गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इटलीला निघालो. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. ‘अहो, तिकडे सगळ्यात अंडं असतं!’ कुणी म्हणालं, ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय? सवय लागेल.’ (ही ‘थोडंसं’वाली मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्यापासून जपून! डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असा प्रयोग कधी करायचा नाही.)

तयारी जोरात केली. मांडीत टोचायची ॲड्रेनालिनची दोन पेनं, डॉक्टरांचं पत्र आणि त्याची इंग्रजी प्रत हे सगळं हातातल्या पिशवीत, सामानात नाही. खाऊ म्हणून खाकरे, बिनकाजूचा पोह्यांचा चिवडा आणि तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरीच राहिले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक कार्ड. ओळखीच्या एक बाई इटालियन शिकवतात, त्यांच्याकडून लिहून घेतलं. थोरल्याने त्याखाली देवनागरीत उच्चार लिहिले आणि पाठच करून टाकले : ‘सोनो अल्लेर्जिको आल्यी अनाकार्दी ए आयी पिस्ताक्की.’ म्हणजे मला काजूची आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे. अंडं म्हणजे ‘उओवो’. धाकटी आठवडाभर घरात ‘उओवो, उओवो’ करत गाडी चालवत होती.

विमानात पहिलीच परीक्षा. सगळ्यांना खारे काजू वाटले! थोरल्याचा चेहरा उतरला. नुसत्या वासाने सहसा काही होत नाही, खरी भीती हाताला लागून तोंडात जाण्याची. म्हणून आम्ही खुर्चीचे हात, समोरचं टेबल सगळं ओल्या कागदी रुमालांनी पुसून काढलं. एक लक्षात ठेवा : हाताला चोळायचं सॅनिटायझर जंतू मारतं, पण काजूचा अंश काढत नाही. त्याला साबण आणि पाणीच हवं.

रोमला पोचलो. पहिल्या रात्री एका छोट्या खानावळीत बसलो. मी कार्ड काढलं, ह्यांनी चष्मा काढला आणि जेवणाची यादी उघडली. प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे! १, ३, ७. १, ७. १, ४, ९. आम्हांला वाटलं, किमती असाव्यात. शेवटच्या पानावर उलगडा झाला. युरोपात कायदाच आहे. ज्यांची ॲलर्जी जास्त आढळते असे चौदा पदार्थ ठरवलेले आहेत आणि ते अन्नात असतील तर गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. १३ डिसेंबर २०१४ पासून हा नियम सुट्या, हॉटेलातल्या अन्नालाही लागू झाला. चौदांत गहू-सातूसारखी धान्यं आहेत, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, इतकंच काय सेलरीची भाजीसुद्धा आहे. त्या यादीत अंडं तिसरं. काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड हे सगळे मिळून आठवे.

धाकटीला इटालियन सोडा, मराठीही अजून नीट वाचता येत नाही. पण आकडे येतात ना! तिने यादी ओढून घेतली आणि बोट ठेवून मोठ्याने सुरू केलं, ‘ह्यात तीन! नको. ह्यात आठ! दादाला नको. ह्यात तीन नाही, आठ नाही, हे घ्या!’ वाढणारे काका हसत उभे राहिले. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतः आपलं जेवण निवडलं होतं. एरवी तिच्या वतीने मीच बोलते.

पण नुसत्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. फ्लॉरेन्सला एका ठिकाणी यादीचा क्रमच निराळा निघाला, तिथे तीन म्हणजे मासे! तेव्हापासून आधी शेवटचं पान, मग पहिलं. शिवाय विचारावं लागतंच, कारण अंड्याचा पास्ता आणि बिनअंड्याचा पास्ता एकाच पाण्यात उकळलेला असू शकतो. रोमचा ‘काच्यो ए पेपे’ म्हणजे चीज आणि मिऱ्यांचा पास्ता. ह्यात कुठलं आलंय अंडं? पण तो बहुतेक वेळा ‘तोन्नारेल्ली’ नावाच्या ताज्या शेवयांचा करतात आणि त्या अंड्यात भिजवलेल्या असतात. कडक, वाळवलेला पास्ता मात्र खास कडक गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच. अंडं घातलं असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. खानावळवाल्यांनी तोच चीज-मिऱ्यांचा पास्ता वाळवलेल्या नळ्यांचा, वेगळ्या भांड्यात करून दिला. धाकटीने बशी चाटून पुसून साफ केली.

चीजमध्ये अंडं असेल असं तुम्हांला वाटेल का? मला वाटलं नव्हतं. दुकानात दोन चीजं शेजारी शेजारी होती. दिसायला सख्खी भावंडं, पिवळसर, दाणेदार. एक ‘पार्मिज्यानो रेज्यानो’, दुसरं ‘ग्राना पादानो’. ग्राना पादानोच्या वेष्टनावर जाड अक्षरांत ‘उओवो’! चीज टिकताना बिघडू नये म्हणून त्यात अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेला एक पदार्थ घालतात. पार्मिज्यानोत तसं काही घालायची परवानगीच नाही. (शाकाहारी वाचकांनो, दोन्ही चीजांत वासराच्या पोटातलं विरजण असतं. आमच्या ह्यांनी हे कळल्यावर दोन्हींना हात जोडले.)

सगळंच काही जमलं नाही. फ्लॉरेन्समध्ये आइस्क्रीमच्या, म्हणजे तिथल्या ‘जेलातो’च्या दुकानासमोर आमची चांगलीच पंचाईत झाली. काचेपलीकडे रंगीत डोंगर आणि त्यांत सगळ्यात ऐटदार पिस्त्याचा. लिंबाचं घ्यावं म्हटलं, तर तोच चमचा पिस्त्यातून लिंबात. अंड्याच्या पिवळ्याचं ‘क्रेमा’ आणि बिनअंड्याचं ‘फियोरदिलात्ते’ही शेजारीच. दुकानातल्या मुलीने खरं खरं सांगितलं, ‘मी खात्री देऊ शकत नाही.’ सगळं जग जेलातो खातंय आणि आपली दोन मुलं पायरीवर बसून रडतायत! मला तिचा राग आला होता. आता वाटतं, ‘काही होत नाही, घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदारापेक्षा ती लाखपटीने बरी.

परत रोमला आलो तेव्हा तिबेर नदीकाठच्या टपरीवर एक गंमत सापडली. माणूस बर्फाची लादी हाताने किसत होता, पेल्यात भरून वर लिंबाचं नि चेरीचं सरबत ओतत होता. ‘ग्रात्ताकेक्का’ म्हणतात त्याला. थोरला ओरडला, ‘आई, हा तर आपला गोळा!’ कुठलं सरबत, त्यात काय काय, हे त्याने आधी विचारून घेतलं. मग दोघांच्या जिभा लालभडक. रस्त्यावरच्या लोखंडी नळांवर हात धुतले. त्या नळाच्या तोटीचं भोक बोटाने दाबलं, की वरच्या बारीक छिद्रातून कारंजं उडतं. त्यातच अर्धा तास गेला, कलोसियम राहिलं बाजूला.

शेवटचा मुक्काम जेनोआ. कोलंबसचं गाव. त्याच्या समुद्रप्रवासाला पाचशे वर्षं झाली म्हणून १९९२ साली इथे बंदरातच मोठं मत्स्यालय उघडलं, ते मुलांनी दोनदा पाहिलं. कोलंबसनंतर जी गलबतं अमेरिकेला जाऊ-येऊ लागली, त्यांतूनच टोमॅटो आणि बटाटा युरोपात आले. आणि ब्राझीलचा काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला. तिथून तो कोकणभर झाला. थोरला म्हणाला, ‘म्हणजे सगळी ह्यांचीच करणी!’

जेनोआत दोघांनाही चालणारं एक खाणं मिळालं : ‘फारिनाता’. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. थेट आपलं बेसनाचं जाड धिरडं! ना तीन, ना आठ. तीन दिवसांत किती लाद्या संपवल्या ते विचारू नका.

आणि पेस्तो. तुळशीच्या जातीची पानं, लसूण, चीज, तेल आणि चिलगोज्यासारखे ‘पिनोली’ कुटून केलेली हिरवी चटणी. ती जेनोआचीच. खानावळीत ताज्या पेस्तोपुढे ‘आठ’ नव्हता. पिनोली त्या आठात मोजत नाहीत आणि थोरल्याला त्यांची ॲलर्जी नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. त्याने कार्ड दाखवलं, स्वयंपाकीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, काजू नाही, पिस्ता नाही. धाकटीला तिथे ग्राना पादानोमुळे ‘तीन’ लागला, ती बसली फारिनाता खात. थोरल्याने दोन दिवस पेस्तोच खाल्ला. पास्त्यात बटाटा नि फरसबी पण असते बरं का!

तिसऱ्या दिवशी मिलानची गाडी. सामान, ऊन, धाकटी खांद्यावर झोपलेली. स्टेशनवरच्या दुकानातून मी घाईघाईत पेस्तोचं सँडविच घेतलं, वेष्टन फाडलं आणि थोरल्यापुढे धरलं.

‘आई, वाचलंस?’

‘अरे, पेस्तोच आहे. दोन दिवस खातोयस ना? गाडी येतेय, खा!’

‘आधी वाच.’

मला खरंच वैताग आला. चारचौघांत जरा खेकसलेच त्याच्यावर. त्याने हात मागे घेतले आणि तोंड घट्ट मिटलं. मग माझ्या हातातलं वेष्टन काढून घेऊन त्याने स्वतःच अक्षरांवर बोट फिरवलं. सहाव्या की सातव्या शब्दावर ते थांबलं. जाड अक्षरांत लिहिलं होतं : अनाकार्दी.

कारखान्यातल्या पेस्तोत पुष्कळदा महागड्या पिनोलींच्या जोडीला स्वस्त काजू वाटून घालतात. पेस्तोच्या गावात जे नव्हतं, ते त्याच गावाच्या स्टेशनवर पाकिटात बसलं होतं. युरोपात असं काही झालं तर ११२ फिरवायचं (आपल्याकडेही आता हाच क्रमांक आहे), पेन कुठे टोचायचं, हे सगळं मला पाठ होतं. वेष्टन वाचणं तेवढं राहिलं होतं. माझे हात इतके थरथरत होते, की ते सँडविच ह्यांनीच टाकून दिलं. मी पोराची माफी मागितली. तो म्हणाला, ‘असू दे गं. पण आता चिवडा दे, भूक लागलीय.’

रात्री मिलानहून वेंगुर्ल्याला फोन लावला. थोरल्याने आजोबांना सगळी हकीगत रंगवून सांगितली. आजोबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे थंयसर पण आमचो काजू पोचलो?’ आणि दोघंही हसत सुटले.

यंदा मार्चमध्ये आम्ही वेंगुर्ल्याला गेलो, तेव्हा पडवीच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला होता. आजोबांच्या वळणदार अक्षरात, येणाऱ्या-जाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी : ‘नातवाक काजू देव नये. कतली नाय, उसळ नाय, पिस्तो पण नाय.’ धाकटीने तो वाचून घेतला, खडू मागितला आणि खाली मोठ्ठा आकडा काढला, ३. त्याच्यावर फुली.