दगडीचं औषध आणि ताटातले जिवाणू

जुन्नर-आंबेगावात दुधाचा पैसा अनेक घरांचा आधार आहे. गाईला दगडी, म्हणजे कासदाह झाला की कास कडक होते, धारेत गाठी येतात. मग सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. वेष्टनावर सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नसतं. पण तेवढे दिवस दूध ओतून देणं लहान गोठ्याला जड जातं.

धोका दुधात उतरणाऱ्या औषधाच्या अंशावर थांबत नाही. जनावरांना, कोंबड्यांना इंजेक्शनातून किंवा खाद्यातून प्रतिजैविकं उगाच दिली, की आतड्यातले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे ई. कोलाय, साल्मोनेला फोफावतात. ते शेणात, कोंबडीखतात उतरतात. न कुजलेलं खत नारायणगावच्या टोमॅटोला किंवा मंचरच्या भाजीला पडलं, तर ते ताटापर्यंत पोचू शकतात. शिवाय प्रतिकाराचं जनुक एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देतो.

चीनमध्ये २०१५ साली असंच जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडलं. त्याच्यापुढे कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातलं शेवटच्या फळीचं औषध निष्प्रभ ठरतं. भारतात कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून ते खाद्यात मिसळलं जाई. जुलै २०१९ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली.

दूध उकळल्याने हे जिवाणू मरतात, औषधाचा अंश मात्र पूर्ण जात नाही. म्हणून काळजी गोठ्यातच हवी: धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणं, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय औषध न देणं आणि खत पुरतं कुजवूनच शेतात टाकणं.