जुन्या चित्राची नक्कल : चोरी कीं शिक्षण?

नक्कल हा शब्द आपल्याकडे निंदेचा मानला जातो. परीक्षेंत नक्कल करणारा विद्यार्थी शिक्षेस पात्र ठरतो, आणि कलेंत ती करणारास "याच्यापाशीं स्वतःचें कांहींच नाहीं" असा शेरा मिळतो. परीक्षेपुरता हा न्याय योग्यच आहे. परंतु तैलरंगांत व्यक्तिचित्रण शिकूं इच्छिणारासही तोच लावणें आम्हांस मान्य नाहीं.

एकाच चित्राचा इतिहास पाहावा. राफाएलनें सन १५१४-१५ च्या सुमारास आपला मित्र बाल्दासारे कास्तिल्योने याचें तैलचित्र काढलें. तें आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. रुबेन्सनें त्याची तैलरंगांत नक्कल केली. पुढें १६३९ सालीं तें ॲम्स्टरडॅम येथें लिलावांत आलें व ३५०० गिल्डरांस गेलें. रेम्ब्रांटनें त्याचें तेथें घाईनें रेखाटन केलें, आणि किंमतही त्यावरच टिपून ठेवली! पुढच्याच वर्षींच्या त्याच्या आत्मचित्रांत ती बसण्याची ढब उतरली आहे. मात्र चेहरा आणि प्रकाश सर्वस्वीं रेम्ब्रांटचाच. रुबेन्स तर १६२८ सालीं माद्रिदला गेला तेव्हां पन्नाशी उलटलेला, युरोपभर गाजलेला चित्रकार होता. तरी राजसंग्रहांतील टिशियनचीं चित्रें समोर ठेवून तो शागिर्दासारखा नकला करीत बसला. ह्यास चोरी म्हणावयास कोण धजेल?

छापील चित्रावरून, किंवा हल्लीं मोबाइलच्या पडद्यावरून, केलेली नक्कल ती ही नव्हे. पडद्यावर रंग दिसतो, थर दिसत नाहीं. मूळ चित्रासमोर उभें राहिलें म्हणजेच कळतें कीं, छायेचा रंग पातळ व पारदर्शक आहे, कपाळावरचा प्रकाश मात्र जाड रंगाचा आहे. गालाची कड एके ठिकाणीं पार्श्वभूमींत विरली आहे, दुसरीकडे स्पष्ट राखली आहे. मग विद्यार्थ्यास चित्रकाराच्या पावलांचा माग काढावा लागतो. प्रथम मातकट रंगाचा पातळ हात, त्यावर छायाप्रकाशाची मांडणी, ती वाळल्यावर त्वचेचे रंग. खालच्या थरांत तेल कमी, वरच्यांत अधिक. हा क्रम उलटला तर वरचा थर आधीं वाळतो, खालचा मागाहून आकसतो, आणि चेहऱ्यास तडे जातात. शिवाय जुनें वार्निश पिवळें पडलेलें असतें. तो पिवळेपणा जो त्वचेचा रंग समजून उतरवितो, तो चित्रकाराचें कौशल्य न शिकतां काळाचा मळ तेवढा शिकतो. हा विवेक गिरवून येत नाहीं, विचार करूनच येतो.

लूव्र १७९३ सालीं लोकांस खुलें झालें, आणि आरंभापासूनच चित्रकारांस तेथें नकला करण्याची मुभा मिळाली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनें स्त्रियांस १८९७ पर्यंत प्रवेश दिला नाहीं. बेर्त मोरिझोसारख्या स्त्रियांस लूव्रच्या भिंतींनीं जें दिलें तें त्या शाळेनें नाकारलें होतें. फसवणुकीची भीति म्हणाल, तर तिचाही तेथें बंदोबस्त आहे. नक्कल मूळ चित्राच्या आकाराची असतां कामा नये, आणि मूळ चित्रकाराची सही तीवर उतरवितां येत नाहीं.

आपल्याकडेही मूळ चित्रांचा अगदींच दुष्काळ नाहीं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतील युरोपीय तैलचित्रें आहेत, बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं जमविलेलीं आहेत, आणि औंधास राजा रविवर्म्याचीं आहेत. अशा प्रत्येक संग्रहालयानें आठवड्यांतून निदान दोन सकाळीं, चार-सहा ईझल मांडण्यापुरती जागा नकलाकारांस राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. टर्पेंटाइन सांडेल, गर्दी होईल, हे आक्षेप आम्ही जाणतों. जमिनीवर कापड अंथरून आणि चित्रापासून अंतर राखून त्यांचें निवारण होतें. लूव्रचे आकाराचे व सहीचे नियम खुशाल घ्यावेत. परवान्याच्या अर्जावर "कोणत्या कलाशाळेचा विद्यार्थी" हा रकाना मात्र नसावा.